करपलेल्या भाजणीचे वारस

मी, सौ. आश्लेषा शशिकांत पांढरीपांडे, वय वर्षे त्रेपन्न, व्यवसाय नोकरी, राहणार एडिसन, न्यू जर्सी, या कागदाने लिहून ठेवते की, आज रोजी माझं डोकं ठिकाणावर आहे, उजवा गुडघा नाही. तो या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला काढून त्या जागी धातूचा बसवणार आहेत. डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही. माझे यजमान शशिकांत म्हणतात, धोका नाही. आमची मुलगी केया स्वतः फिजिकल थेरपिस्ट आहे. ती फोनवर म्हणाली, "आई, इट्स अ नी. नोबडी डाइज ऑफ अ नी." तिघांचंही म्हणणं मला मान्य आहे. पण मी गेली बावीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे वाचते आहे, आणि त्यांतल्या एकालाही आदल्या दिवशी कसलीही कल्पना नव्हती. म्हणून हा कागद.

घर आणि बँकेचं इंग्रजी मृत्युपत्र वकिलाकडे आहे. अकरा पानी आहे. त्यात माशांचा एका शब्दाने उल्लेख नाही. जे त्यात राहिलं ते इथे, मराठीत.

मसुद्याचं श्रेय दिगंबर काकांना. काका आमच्या मागच्या गल्लीत मुलाकडे राहतात आणि त्याआधी वाईला दुय्यम निबंधक कार्यालयात एकतीस वर्षं होते. त्यांच्या मते अमेरिकेत सगळं आहे, फक्त दस्त कसा लिहायचा ते कुणाला कळत नाही. त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतलं की, हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, कोणाच्याही धाकाशिवाय, भुलीशिवाय व आग्रहाशिवाय करीत आहे. 'आग्रहाशिवाय' या शब्दावर माझं पेन जरा थांबलं. का थांबलं, ते सातव्या कलमात येईल.

कलम पहिले. माझ्या पश्चात राहते घर आणि त्यातल्या सर्व चीजवस्तू शशिकांतकडे राहतील. हा माणूस नागपूरचा, पक्का शाकाहारी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली वीस वर्षं तो दर हिवाळ्यात शनिवारी सकाळी मला मिलर तळ्यावर सोडतो, गाडीत हीटर लावून बसतो आणि मी मासा धरला की काच दोन इंच खाली करून वजन विचारतो. ते वजन तो लॅपटॉपवर लिहून ठेवतो. मासा मी परत पाण्यात सोडते, हे बघूनच तो काच वर करतो. त्याच्या या पहाऱ्याबद्दल मी त्याला कधी काही बोलले नाही. आता बोलते: मला ते आवडतं.

कलम दुसरे. माझ्या आईच्या पाटल्या, माझ्या साड्या आणि माझी पुस्तकं केयाला. साड्या ती नेसणार नाही, पुस्तकं तिला वाचता येणार नाहीत, आणि पाटल्या ती सिक्युरिटीच्या रांगेत विसरेल. तरीही तिलाच. माझे दोन्ही रॉड, रीळ, जाळी आणि वजनकाटासुद्धा तिला. ती सहा वर्षांची असताना तिने तळ्यावर एक ब्लूगिल मासा धरला होता. तळहाताएवढा. त्याला सोडताना ती त्याला 'सॉरी' म्हणाली होती. ज्याला सॉरी म्हणता येतं त्याच्या हातात गळ द्यायला हरकत नाही. हे वाक्य मी तिच्याबद्दल लिहिते आहे, पण ते मला कुठे लागू होतं तेही पुढे येईल.

कलम तिसरे. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 'मेथी' असं लिहिलेला पांढरा डबा आहे. त्यात मेथी नाही. त्यात अळ्या आहेत, आमिषाच्या, जिवंत, भुशात ठेवलेल्या. दोन हजार चौदा साली शशिकांतने हा डबा उघडला आणि तेव्हापासून तो आमच्या घरातला कोणताही डबा विचारल्याशिवाय उघडत नाही. मेथीचे पराठेही त्याने सोडले. माझ्या पश्चात हा डबा कुणीही न उघडता सरळ तळ्यावर नेऊन कुणा मासेमाराला द्यावा. फ्रँक सोडून.

फ्रँक म्हणजे निवृत्त प्लंबर, वय सत्तरीच्या पुढे, तळ्याच्या उत्तरेच्या कोपऱ्यावर बसतो. सज्जन आहे. पण माझी पूर्वेकडची कड, वाळक्या ओकखालची, त्याला हवी आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी गुडघ्याबद्दल सांगितलं तेव्हा त्याने आधी गुडघ्याकडे बघितलं आणि मग ओककडे.

कलम चौथे. ही कड माझ्या मालकीची नाही, काउंटीची आहे. काका म्हणाले, जे आपलं नाही ते मृत्युपत्रात घालता येत नाही. पण तळ्यावरचा रिवाज असा की, जो दर शनिवारी येऊन बसतो त्याची ती जागा. मी पुढचा हिवाळा येईपर्यंत पालथ्या बादलीवर बसू शकणार नाही. म्हणजे जानेवारीअखेरपासून ओकखाली कुणी बसलं नाही, तर फेब्रुवारीत तिथे फ्रँक बसेल. तेव्हा ही कड, जमेल तितकी, त्या माणसाची जो पुढे पाचव्या कलमातला डबा घेईल.

कलम पाचवे. डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, माझ्या वडिलांचा, रेवदंड्याहून आणलेला, एका कोपऱ्याला गंजलेला. त्यात माझी सगळ्यात मोलाची इस्टेट आहे: काळी भाजणी.

ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी. गळ टाकण्याआधी पाण्यात चारा टाकतात. त्याच्या वासाने मासे जमतात, तळाशी हुंगत फिरतात आणि मग कधीतरी गळाच्या अळीकडे त्यांचं लक्ष जातं. उन्हाळ्यात मासे काहीही खातात, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणाला आल्यासारखे. हिवाळ्यात तसं नाही. साचलेलं पाणी गार पडलं की मासा मंदावतो. त्याला दिवसभरात दोन घास पुरतात. पाणी काचेसारखं निवळतं, तळाशी काळीभोर कुजलेली पानं असतात, आणि त्यावर तुम्ही पांढरा ब्रेडचा चुरा पसरलात, तर त्या पांढऱ्यावर येणारा प्रत्येक मासा वरून बगळ्याला दिसतो. माशाला हे कळतं. तो येत नाही.

म्हणून चारा काळा हवा, बारीक हवा, वासाचा हवा आणि पोट न भरणारा हवा.

कृती अशी. थालिपिठाची भाजणी, त्यात बाजरी निम्मी. बाकी ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, थोडे गहू, भरपूर धणे, जिरे. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं. थालिपिठासाठी जिथे आपण गॅस बंद करतो, तिथून पुढे पाच मिनिटं. घरात धूर झाला पाहिजे. धान्यातला सत्त्वांश गेला पाहिजे आणि वास राहिला पाहिजे. दळून आणल्यावर चिमूटभर हिंग. तळ्यावर पोचल्यावर तळ्याच्याच पाण्यात चमचाभर काकवी विरघळवून त्याने भिजवायची, हळूहळू. अर्धा तास झाकून ठेवायची. मग चाळणीतून चाळायची. पुन्हा पाण्याचा हबका, पुन्हा चाळणी. तेल-तूप अजिबात नाही, गार पाण्यात ते गोठून बसतं. मूठ एकदाच दाबायची. अंगठा लावला की गोळा फुटला पाहिजे.

हिंगाला माशांचं नाक आपल्यापेक्षा तिखट आहे. एकदा मी दोन चिमटी घातल्या होत्या आणि त्या दिवशी तळ्यावर फक्त शशिकांत शिंकला.

कलम सहावे. ही भाजणी कशी वाढायची, तेही मृत्युपत्राचाच भाग समजावं, कारण भाजणी दिली आणि हात नाही दिला तर डबा भंगारात घातल्यासारखं.

सुरुवातीला दोनच गोळे, लिंबाएवढे. समोरच्या काठावरचं एक झाड नजरेत धरून ठेवायचं आणि सगळं त्याच रेषेत टाकायचं. मग थांबायचं. फ्लोट, म्हणजे गळाच्या दोरीवरचं तरंगतं बोंड, हलला, मासा लागला, तर त्यानंतर सुपारीएवढा एक गोळा. नाही लागला तर वीस मिनिटं काही नाही. चाळीस मिनिटं काही झालं नाही तरी काही नाही. हात खिशात ठेवावेत. हिवाळ्यात मासे चाऱ्याने बिघडतात, उपासाने नाही. एकदा जास्त पडलं की ते पाण्यातून परत काढता येत नाही. ते तळाशी पडून राहतं, मासे त्यातलं दोन कण खातात आणि तृप्त होऊन निघून जातात.

आपल्या लोकांना हे सगळ्यात अवघड जातं. आपल्याकडे पाहुण्याने 'पुरे' म्हटलं की वाढणारी 'असं कसं' म्हणते.

कलम सातवे. जुना हिशोब. दोन हजार तेवीसचा जानेवारी, तळ्यावरच्या क्लबची हिवाळी जोडी-स्पर्धा, चार तासांची. माझी जोडीदार देवयानी माने. सांगलीची. एडिसनमधली माझी सगळ्यात जुनी मैत्रीण, सोबत म्हणून तळ्यावर आली आणि माझ्याआधी कार्प धरून मोकळी झाली. तिच्या घरून आजवर कुणी उपाशी परतलेलं नाही. तिच्या घरी जेवायला जायचं असेल तर आदल्या दिवशीपासून तयारी करावी लागते.

पहिले दोन तास आम्ही पुढे होतो. तीन कार्प, दोन क्रॅपी. मी थर्मास आणायला गाडीपर्यंत गेले. शशिकांतशी बोलण्यात दहा मिनिटं गेली असतील. परत येते तर चाऱ्याची परात रिकामी. देवयानीने सगळी भाजणी, लाडू वळल्यासारखे सात गोळे करून, एकापाठोपाठ एक पाण्यात घातली होती. मी विचारलं, हे काय केलंस. ती पाण्याकडे बघत, चेहऱ्यावर यजमानीणबाईंचं समाधान घेऊन म्हणाली, "अगं, एवढ्या थंडीत आलेत बिचारे."

पुढचे दोन तास फ्लोट हलला नाही. फ्रँक आणि त्याचा मेहुणा एका औंसाने जिंकले.

इथपर्यंत चूक तिची. इथून पुढे माझी.

मी मंडळाच्या अंकात 'चिमटे' या नावाने सदर लिहिते. संक्रांतीच्या अंकात मी 'माशांची पंगत' असा लेख लिहिला. त्यात एक बाई आहेत, त्या माशांना आग्रह करतात, 'एक तरी घ्या' म्हणत तळ्यात चमचा घालतात, आणि शेवटी मासे ढेकर देऊन सामूहिक आभार मानून जातात. नाव घातलं नव्हतं. घालायची गरज नव्हती. सांगलीची भाषा घातली होती. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात तो लेख मी स्वतः वाचला. शाळेच्या कॅफेटेरियात दोनशे माणसं होती. सगळी हसली. मला वाटलं, आयुष्यातलं उत्तम वाचन झालं. दुसऱ्या रांगेत देवयानी तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. कार्यक्रम संपल्यावर तिने पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना तिळगूळ दिला, माझ्यापाशी येऊन थांबली, डब्याचं झाकण लावलं आणि पुढे गेली.

त्या शनिवारपासून ती पश्चिमेच्या काठावर बसते. तीन हिवाळे झाले. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही, कारण माझ्यातही ताठा काही कमी नाही.

कलम आठवे. कबुली. काका म्हणाले, कबुलीचं कलम मृत्युपत्रात नसतं, ते वेगळ्या दस्तात असतं. मी म्हटलं, माझ्याकडे एकच दस्त आहे.

क्लबमध्ये या चाऱ्याला 'आश्लेषाज ब्लॅक मिक्स' म्हणतात. गेली बारा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की, हा माझा शोध. तो कसा लागला ते आता लिहिते.

दोन हजार अकराचा नोव्हेंबर. देवयानी तिच्या घरी मंडळाच्या थालिपीठ स्टॉलसाठी चार किलो भाजणी भाजत होती. मी फोनवर होते आणि मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं दिवाळीचं भाषण, त्यांच्या खोकल्यासकट, करून दाखवत होते. ती हसता हसता किचनच्या फरशीवर बसली. गॅस चालू होता. मला फोनमधून आधी तिचं हसणं ऐकू आलं, मग स्मोक अलार्म, मग पुन्हा हसणं. शेजाऱ्यांनी फोन केला. अग्निशमनाची गाडी आली, चौघे जण पूर्ण पोशाखात आत आले, आणि देवयानीने त्यांना बसवून चहा आणि चकल्या दिल्या. त्यातला एक जण नंतरच्या दिवाळीलाही येऊन गेला.

काळी पडलेली भाजणी ती कचऱ्यात घालायला निघाली होती. मी म्हटलं, तळ्यात टाकू, निदान कुणीतरी खाईल. त्या शनिवारी पाणी इतकं गार होतं की कडेला बर्फाचा पापुद्रा होता, फ्रँकला सकाळपासून काही लागलं नव्हतं, आणि आम्हाला अकरा मासे लागले.

तेव्हा भाजणी देवयानीची, गॅस तिचा, कढई तिची, अलार्म तिचा. माझा फक्त अध्यक्षांचा खोकला. पण गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी माझा वाटा थोडा वाढत गेला. आधी 'आम्ही' होतो, मग 'मी आणि देवयानी', मग 'मी'. शेवटी शेवटी तर गोष्टीत तिचं घरही राहिलं नव्हतं. ती समोर बसून ऐकायची आणि लोकांना चहा द्यायची. एकदाही तिने मला अडवलं नाही. आणि मी तिच्या सात गोळ्यांवर लेख लिहिला.

सगळ्यात वाईट हे की, डबा माझ्याकडे राहिला. गेले तीन हिवाळे मी दुर्बिणीतून बघते: ती पांढरा ब्रेडचा चुरा टाकते. पुन्हा काळी भाजणी करायची तिने ठरवली असती तर माझ्यापेक्षा चांगली केली असती. तिने केली नाही. आता ती एकच गोळा टाकते, सुपारीएवढा, आणि हात खिशात घालून बसते. माझा लेख तिने पाठ केला असावा. मासा मात्र येत नाही.

कलम नववे. वर वर्णिलेला पत्र्याचा डबा, त्यातली काळी भाजणी, ती करण्याचा व 'ब्लॅक मिक्स'ला आपलं नाव देण्याचा हक्क, आणि ओकखालच्या कडेवरचा माझा जो काही ताबा असेल तो, माझ्या मृत्यूची वाट न बघता, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आधी देण्यात यावा ____________ यांस.

ही जागा कोरी का, याचा खुलासा. केयाला दिला तर ती डबा डिशवॉशरमध्ये घालील. शशिकांत तो उघडायच्या आधी मला विचारायला येईल आणि मी नसेन. मंडळाला दिला तर उपसमिती नेमतील. फ्रँकचं वर आलंच आहे. उरलं एक नाव, ते मला घालता येत नाही, कारण तिला मी या मृत्युपत्राची साक्षीदार क्रमांक दोन केलं आहे.

काका यावर चिडले. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही, हा नियम मला त्यांनीच शिकवला होता आणि मी तो उलटा वापरला, असं त्यांचं म्हणणं. त्यांना वाटतं, देवयानीला काही मिळू नये म्हणून मी हे केलं. केयालाही तेच वाटलं. ती म्हणाली, "आई, दॅट्स सो पेटी." म्हणजे कोतेपणा. मी दोघांनाही खुलासा केला नाही. इथे करते. देवयानी माझा फोन उचलत नाही, माझ्या पत्राचं पाकीटही उघडणार नाही. पण सहीसाठी आलेला कागद ती परत पाठवणार नाही, तिच्या घरून कुणी रिकाम्या हाती जात नाही. आणि सही करण्याआधी ती तो वाचेल. किराणा दुकानाची पावतीसुद्धा ती शेवटपर्यंत वाचते.

कोरी जागा ठेवलेला दस्त आपण एकतीस वर्षांत एकदाही स्वीकारला नाही, असं काकांनी मला बजावलं आहे. मी शनिवारपर्यंतची मुदत मागितली आहे.

मसुदा पूर्ण, रविवार, ११ जानेवारी २०२६.

पुरवणी. शनिवार, १७ जानेवारी. ही शशिकांतच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवून लिहिते आहे. बोटं गार पडली आहेत, अक्षराला नावं ठेवू नयेत.

सकाळी नऊ वाजता काका कानटोपी आणि मुलाचं स्की जॅकेट घालून, कागद प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन, तळ्याला वळसा घालून पश्चिमेच्या काठावर गेले. मी ओकखालून दुर्बीण लावली. शशिकांतने न विचारता गाडीची काच पूर्ण खाली केली.

देवयानीने हातमोजे काढले आणि उभ्याने वाचायला घेतलं. काकांना आधी तिने डब्यातून काहीतरी दिलं. ते खाईपर्यंत तिची तीन पानं झाली होती. एका पानावर ती बादलीवर बसली. कोणतं पान ते मला या काठावरून दिसलं नाही, पण काकांनी नंतर सांगितलं की, ती 'खोकल्यासकट' या शब्दावर बसली आणि तिथे बराच वेळ होती. पुढची पानं तिने हळू वाचली. मग तिने कागद घडी घालून पिशवीत ठेवले, रॉड गुंडाळला, बादली उचलली, आणि दोघं चालायला लागली. त्या काठावरून मिलर तळ्याला वळसा घालून इकडे यायला वीस मिनिटं लागतात. इतका लांब तो वळसा मला कधी वाटला नव्हता.

तिने कागद बॉनेटवर ठेवले. पेन काकांच्या हातात परत दिलं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. तीन वर्षांतलं पहिलं वाक्य, आणि तेही काकांना.

काकांनी कार्यालयीन आवाजात विचारलं, नकाराचं कारण काय नोंदवू.

"सही केली तर डबा मिळत नाही ना? मग तसंच लिहा." मग माझ्याकडे न बघता, "आणि चार किलो नव्हती. पाच होती. दस्तात चूक नको, आशू."

दुरुस्ती नोंदवते: कलम आठवे, भाजणी पाच किलो. कलम नववे, कोरी जागा मी माझ्या हाताने भरते आहे: देवयानी माने. काकांनी दुरुस्तीच्या बाजूला माझी छोटी सही करून घेतली आणि समाधानाने नाक ओढलं.

आता साक्षीदार क्रमांक दोन राहिला नाही. शशिकांत आणि केया वारस आहेत, दोघंही बाद. उत्तरेच्या कोपऱ्यावरचा फ्रँक सोडला तर पाऊण मैलात दुसरा माणूस नव्हता. तेव्हा फ्रँकला बोलावलं. त्याला काकांनी समजावलं की, मजकूर कळायची गरज नाही, माझी सही डोळ्यांनी बघितली एवढंच. फ्रँकने आधी देवयानीने हातावर ठेवलेले तिळाचे लाडू बघितले, मग कागद बघितला. गेली चौदा वर्षं या माणसाने आमच्या परातीत काय असतं ते काढून घ्यायचा प्रयत्न केला आहे. एकदा तर आम्ही गेल्यावर जमीन हुंगली होती. बॉनेटवर पाचवं कलमच उघडं होतं, बाजरीपासून हिंगापर्यंत.

"इज धिस अबाउट द ब्लॅक स्टफ?" त्याने विचारलं.

"लीगल मॅटर," काका म्हणाले.

फ्रँकने कृतीच्या बरोबर खाली बोट ठेवून विचारलं, इथे सही करू का. काकांनी त्याचं बोट धरून शेवटच्या पानावर नेलं आणि ओकखाली माझी सही होईपर्यंत थांबायला सांगितलं. देवयानीने त्याला चौथा लाडू दिला. तो नको म्हणाला. तिने दिला.

मग आम्ही दोघी ओकखाली गेलो. म्हणजे ती गेली, मी तिच्या खांद्याला धरून गेले. तिने डबा उघडून आधी वास घेतला. भाजणी भिजवली, अर्धा तास झाकली, दोनदा चाळली. त्या अर्ध्या तासात काय बोललो ते दस्तात घालण्यासारखं नाही, मात्र मंडळाच्या हल्लीच्या अध्यक्षांनाही खोकला आहे, एवढं नमूद करते. मग समोरच्या झाडाच्या रेषेत लिंबाएवढे दोन गोळे टाकून ती थांबली. वीस मिनिटांनी एक कार्प लागला, पावणेचार पौंडाचा, शशिकांतने लॅपटॉपवर घेतला. तिने सुपारीएवढा एक गोळा टाकला आणि हात खिशात घातले.

परातीत भाजणी भरपूर होती. पाणी काळंशार, गार. मला राहवलं नाही.

"अगं, टाक अजून एक," मी म्हटलं. "एवढ्या थंडीत आलेत."

"नको," देवयानी म्हणाली. "पोटं बिघडतील."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने, कोणाच्याही धाकाशिवाय व भुलीशिवाय केले आहे. आग्रह झाला तो फक्त तिळाच्या लाडवांचा, आणि त्याला फ्रँकसकट सगळे बळी पडले. खालची सही वाकडी आहे ती माझीच समजावी. ती करत असताना फ्लोट बुडाला.

सही:
आश्लेषा शशिकांत पांढरीपांडे

साक्षीदार:
१. दिगंबर कृष्णाजी पिसाळ, मूळ राहणार वाई, हल्ली एडिसन
२. ~~देवयानी माने~~ (खोडले, कारण कलम नववे)
२. फ्रँक (आडनाव त्याच्या हस्ताक्षरात आहे, वाचता येत नाही, कागदावर तिळाचा डाग त्याचाच)

ठिकाण: मिलर तळे, पूर्वेची कड, वाळक्या ओकखाली
दिनांक: १७ जानेवारी २०२६